सूतभर फट

मी ओळंबा बोलतोय. जरा हळू बोलेन, कारण हलत असताना मला बोलता येत नाही. दोरीला टांगलं की मी आधी इकडे झुकतो, मग तिकडे झुकतो, मग स्वतःभोवती फिरतो. अगदी शांत झालो की मगच माझ्या तोंडून खरं निघतं. तेवढा धीर असेल तर बसा.

ज्यांनी मला पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मी पितळेचा आहे, दिसायला भोवऱ्याचा थोरला भाऊ. माझ्या डोक्यातून एक दोरी निघते आणि ती एका लाकडी ठोकळ्याच्या भोकातून वर जाते. ठोकळा बरोबर माझ्याएवढाच रुंद असतो. गवंडी ठोकळा भिंतीला वर टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला हलकेच टेकलो तर भिंत सरळ. माझ्यात आणि भिंतीत फट राहिली तर भिंत चुकली. माझं शिक्षण एवढंच. पण या एवढ्याशा शिक्षणावर लोकांची घरं उभी आहेत, म्हणून माझ्या बोलण्यात थोडा ताठा आढळला तर समजून घ्या.

माझा जन्म ओताऱ्याच्या भट्टीत झाला. माझ्यात एक गळका नळ आहे, दाराच्या दोन कड्या आहेत आणि जीभ तुटलेली एक घंटा आहे. सगळ्यांना एकत्र वितळवून ओताऱ्याने साच्यात ओतलं, थंड झाल्यावर तळहातावर झेललं आणि तो म्हणाला, "पोर वजनदार झालंय." मग त्याने कानशीने मला इतकं घासलं की गुदगुल्या होऊन मी हातातून तीनदा निसटलो.

दुकानात मला घ्यायला एक तरुण गवंडी आला. त्याने मला एकदा टांगून पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, मग दुकानाच्या चौकटीला लावून पाहिलं. दुकानदार कंटाळला.

"अहो, ओळंबा घेताय की जावई पाहताय?"

"जावई जरासा वाकडा असला तर चालतो," गवंडी म्हणाला. "ओळंबा नाही चालत. आणि तुमची चौकट सूतभर कलली आहे बरं का."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाजरीच्या दाण्याहून थोडा मोठा. बाकीचे गवंडी म्हणायचे, एवढं कोण बघतं? माझा मालक बघायचा. शेजाऱ्याच्या घरी पाणी प्यायला गेला तरी भिंतीकडे एक डोळा मिटून बघायचा आणि पुटपुटायचा, "सूतभर." लोकांनी त्याचं नावच सूतभर ठेवलं. त्याची बायको हसून म्हणायची, "बाहेरचं सूत दिसतं यांना, आणि घरातल्या फडताळाचं दार तीन वर्षं लोंबतंय ते दिसत नाही!"

एकदा मात्र सूतभरच्या हातून मोठीच गंमत झाली. उंच भिंत बांधताना गवंडी लाकडांची परांची उभारतात आणि तिच्यावर उभं राहून काम करतात. तिची आडवी लाकडं रोवायला भिंतीत ओळीने भोकं ठेवलेली असतात. जेवणाची सुट्टी झाली की गवंडी हातातली हत्यारं पटकन जवळच्या भोकात सारतात आणि हात धुवायला पळतात. सूतभरने मला असंच एका भोकात सारलं. संध्याकाळी परांची निघाली, भोकं बुजवली, वरून गिलावा झाला. मी आतच.

दोन दिवस मी भिंतीत होतो. बाहेर सूतभर सगळ्यांवर संशय घेत होता. तिसऱ्या दिवशी त्याला आठवलं आणि स्वतःच केलेला गुळगुळीत गिलावा त्याने स्वतःच्याच हाताने फोडला. पुढे त्याला मुलगी झाली, तेव्हा झोपताना तो तिला हीच गोष्ट सांगायचा.

"मग आत ओळंबा रडला का हो बाबा?"

"ओळंबा रडत नाही. लोंबतो."

मुलगी चणीने लहान आणि दिवसभर इकडून तिकडे पळणारी, म्हणून तो तिला मुंगी म्हणायचा. माझा पहिला ठोकळा शिसवीचा होता, काळाभोर आणि तेल पाजलेला. मुंगीने सात वर्षांची असताना त्याची होडी करून ती गटारात सोडली. होडी चांगली निघाली, पुलाखालून गेली आणि परत आली नाही. संध्याकाळी बाबांनी विचारल्यावर मुंगी म्हणाली, "मांजराने नेला."

"मांजर ठोकळे खायला लागलं?"

मुंगीने मान डोलावली. सूतभरने पुन्हा विचारलं नाही. खोक्याच्या मऊ फळीतून त्याने नवा ठोकळा कापला, मापात बसवला आणि आमचं काम पुढे सुरू झालं. मऊ लाकडाशी माझं कधी जमलं नाही, पण तोंडावर कसं बोलणार?

आता एक कडू गोष्ट सांगतो, आणि ती पटकन संपवतो.

आमच्या गावामागे टेकडीवर एक जुना पडका कोट आहे. मुंगीच्या जन्माआधी त्याच्या दरवाज्याची डागडुजी निघाली, तेव्हा सूतभरला काम मिळालं. जुन्या इमारतींची देखभाल करणाऱ्या कचेरीतून नवे घडीव दगड आले. पहिला दगड बसवताच सूतभर थांबला. तो कचेरीतल्या मोठ्या साहेबांना म्हणाला, "साहेब, हे दगड बसणार नाहीत. कोट बांधणाऱ्यांचा मोजायचा गज आपल्या मापाचा नव्हता. हातामागे सूतभर कमी होता. आठ हातांत इंचाचा फरक पडेल."

"गज पाहिलाय का तुम्ही तो?"

"गज नाही पाहिला. भिंत पाहिली."

सूतभरने मला त्या दगडापुढे टांगलं, दगड किती बाहेर येतोय ते दाखवायला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी अजून हलत होतो. मी म्हणत होतो, थांबा, सांगतो, एवढ्यात सांगतो. साहेब निघून गेले. दगड तसेच ठोकून बसवले गेले, ते बाहेर आले, आणि दोष आला सूतभरवर. त्याला कामावरून काढलं. त्यानंतर मोठं काम त्याच्याकडे कधी आलंच नाही. तो ओटे बांधायचा, मोऱ्या बांधायचा, न्हाणीघराला उतार द्यायचा. सगळं सुबक करायचा. सूतभर हे नाव आधी लोक कौतुकाने घ्यायचे, आता डोळे मिचकावून घेऊ लागले. तो कधी कुरकुरला नाही. फक्त कोटाच्या दरवाज्यासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा. मी त्याच्या पिशवीत असायचो, म्हणून मला ठाऊक.

मुंगी मोठी झाली, शिकली आणि त्याच कचेरीत जुन्या इमारती मोजण्याच्या कामावर लागली. मला तिने बाबांकडून मागून घेतलं. तिच्याकडे मोजायची नवी यंत्रं होती, तरी मी तिच्या झोळीत असायचोच.

कोट बांधणाऱ्यांचा तो मूळचा गज कोटाच्या भुयारात लपवलेला आहे, अशी जुनी बोलवा होती. दुसऱ्या कुणी त्याच मापाने असाच कोट बांधू नये म्हणून. आणि भुयारात जागोजागी सापळे आहेत, हीही बोलवा होती. पहिली बोलवा खरी की खोटी ते कुणाला माहीत नव्हतं. दुसरी खरी निघाली. कोटाच्या राखणदाराची बकरी पाल्याच्या मागे भुयारात शिरली, पाच पावलं गेली, आणि पायाखालची शिळा गपकन कलून खालच्या खड्ड्यात पडली. दोर टाकून तिला वर काढलं. पाय थोडा मुरगळला होता, पण वर येताच तिने राखणदाराचं उपरणं खायला घेतलं, म्हणजे तब्येत ठीक होती.

कचेरीतल्या नव्या मॅडमनी सांगून टाकलं, "पुढच्या वेळी माणूस पडेल. येत्या सोमवारी भुयार काँक्रीट ओतून बंद करायचं."

त्या दिवशी मुंगी घरी आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, "बाबा, सोमवारच्या आत गज शोधायचाय."

"कशाला? चाळीस वर्षं झाली. ओटे बांधून पोट भरलं, तुला शिकवलं. काय कमी पडलं?"

"मग दरवाज्यासमोर आलात की मान का वळवता?"

सूतभर उठला. त्याने फडताळाचं दार लोटलं. ते परत लोंबलं.

"चल, आधी नुसतं बघून येऊ," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी आम्ही भुयाराच्या तोंडाशी गेलो. सूतभरचे गुडघे आता वाकत नव्हते, म्हणून तो तोंडाशीच दगडावर बसला. जवळच बकरी पडली होती ती जागा होती. शिळा अजून कललेलीच होती. तिच्या मधोमध लोखंडी कणा होता आणि त्याची दोन्ही टोकं दोन्हीकडच्या भिंतींत शिरली होती. वजन पडलं की शिळा कण्यावर फिरायची.

"हाताला खाज सुटली," सूतभर म्हणाला. "दे तो ओळंबा."

त्याने मला त्या शिळेवरच्या भिंतीला लावलं. मी हललो, फिरलो, थांबलो. माझ्यात आणि भिंतीत फट होती. बरोबर सूतभर.

सूतभरने भुवया वर केल्या. शेजारच्या भिंतीला लावलं. मी अलगद टेकलो. अलीकडे लावलं, टेकलो. पुन्हा शिळेवर लावलं, फट.

"असा कोट बांधणारा गवंडी नेमका इथेच चुकतो?" तो स्वतःशीच म्हणाला. राखणदाराने दिलेला चहा त्याच्या हातात थंड होऊन गेला. बराच वेळ तो त्या कललेल्या शिळेकडे बघत बसला. मग एकदम हसायलाच लागला.

"मुंगे! कण्याची टोकं भिंतीत आहेत. म्हणजे शिळा आधी बसवली, भिंत नंतर बांधली. मग भिंत बांधताना बिचारा उभा कुठे राहील?"

मुंगीचे डोळे मोठे झाले. "शिळेवर उभा राहिला तर पडेल!"

"बाजूला उभा राहून, वाकून, हात लांबवून बांधली. समोर उभं राहता येईना, तर ओळंबा नीट लावणार कसा? सूतभर फट राहिलीच. जिथे भिंत चुकली, तिथे खाली सापळा!"

राखणदाराला हे पटलं नाही. "अहो सूतभर, लेकीला समजवा. बकरीला चार पाय होते तरी पडली. हिला दोनच आहेत."

"बकरीकडे ओळंबा नव्हता," मुंगी म्हणाली.

खात्री करायला त्यांनी एका दोरीला वाळूचं पोतं बांधलं. मुंगीने बकरीच्या खड्ड्यावर फळी टाकली, पलीकडे जाऊन मला भिंतीला लावत लावत पुढची फट गाठली आणि तिथे पोतं सोडलं. शिळा गपकन कलली. राखणदाराने दोन्ही कानांच्या पाळ्या पकडल्या.

मॅडमना हे सगळं सांगितलं. त्यांनी तीन अटींवर परवानगी दिली: कमरेला दोर हवा, डोक्यावर हेल्मेट हवं, आणि बाबा परत ये म्हणाले की वाद न घालता परत यायचं.

"तिसरी अट अवघड आहे," सूतभर म्हणाला. "आजवर एकदाही जमलेली नाही."

शनिवारी सकाळी मुंगी भुयारात शिरली. हेल्मेटवर दिवा, पाठीला झोळी, हातात एक लांब फळी. दोराचं टोक सूतभरच्या मुठीत. पद्धत ठरलेली होती. मला भिंतीला लावायचं. मी टेकलो की पाऊल टाकायचं. फट दिसली की शिळेवरून पलीकडपर्यंत फळी टाकायची, फळीवरून जायचं, आणि फळी ओढून पुढे न्यायची. प्रत्येक वेळी मी थांबेपर्यंत मुंगी थांबायची. एकदाही तिने घाई केली नाही. आयुष्यात इतक्या आदराने मला कुणी काही विचारलं नव्हतं.

"पहिली ओलांडली, बाबा!"

"मोजू नकोस. बघ."

"दुसरी ओलांडली!"

"सांगितलं ना, मोजू नकोस!"

भुयार पुढे वळलं. तिथे छतातून पाणी ठिबकत होतं. खाली डबकी होती. मुंगीने फळी ओढताना ठोकळा हातातून सुटून डबक्यात पडला. तिने तो उचलून कपड्याला पुसला आणि आम्ही पुढे निघालो. पाणी वरून ठिबकतच होतं. झोळी भिजली, दोरी भिजली, ठोकळाही भिजतच राहिला.

पाचवी शिळा ओलांडून मुंगीने मला भिंतीला लावलं. फट. थोडं पुढे हात लांबवून लावलं. फट. समोरच्या भिंतीला लावलं. फट. शेवटी ती जिथे उभी होती, त्याच जागेच्या भिंतीला लावलं. तिथेही फट.

मुंगीचा श्वास मला ऐकू येत होता. तिचा हात थरथरला की मी हलायचो, आणि मी हललो की ती आणखी घाबरायची. पुढे पाऊल टाकावं तर सापळा, मागे टाकावं तर सापळा, उभं राहावं तरी सापळा. खरं सांगू? माझी भीती तिच्याहून मोठी होती. मी नेहमीसारखाच सरळ लोंबत होतो, तरी माझ्या तोंडून खोटं निघत होतं, आणि का ते मला कळत होतं पण सांगता येत नव्हतं.

"बाबा," तिने हाक मारली. आवाज अगदी लहानपणीचा आला. "सगळीकडेच फट दाखवतोय. मी उभी आहे तिथेही."

बाहेरून दोर जरासा ताणला गेला. मग सूतभरचा आवाज आला, ओटा बांधताना यायचा तसाच, शांत.

"तू पडलीस का?"

"नाही."

"मग जागा पक्की आहे. भिंतीचं चुकलेलं नाही. ठोकळा भिजलाय का?"

मुंगीने ठोकळा बोटांत धरला, माझ्या अंगाला लावून पाहिला. तो फुगून माझ्याहून जाड झाला होता.

"भिजलाय, बाबा. फुगलाय."

"मऊ लाकूड आहे ते, पाणी पितं. फेकून दे. नुसती दोरी धर. दोरी आणि भिंत यांच्यात वर चार बोटं ठेव. खाली चार बोटं घालून बघ. वर चार, खाली चार. बोटं फुगत नाहीत."

मुंगीने ठोकळा काढून टाकला. वर डाव्या हाताची चार बोटं भिंतीला आडवी लावून दोरी धरली आणि मी थांबेपर्यंत थांबली. मग खाली उजव्या हाताची चार बोटं घातली. बोटं बरोबर मावली. तिने पुढच्या भिंतीला पाहिलं, तिथेही मावली. तिचा खांदा सैल पडलेला मला दोरीतून कळला.

"बाबा," ती म्हणाली. "शिसवीचा असता तर फुगला नसता ना?"

"नसता."

"तो मांजराने नव्हता नेला."

"माहीत आहे," भुयाराच्या तोंडाकडून आवाज आला. "आपल्याकडे मांजर नव्हतंच."

राखणदाराचं हसू भुयारभर घुमलं. मुंगीही हसली, डोळे पुसत. मग वर चार, खाली चार करत आम्ही पुढे गेलो. बोटांनी पाहायला वेळ लागत होता, पण चूक होत नव्हती. आणखी दोन शिळांवर फळी टाकावी लागली.

भुयार एका खोलीत उघडलं. खोली उंच होती आणि मधोमध एका चौथऱ्यावर लोखंडी पेटी ठेवलेली होती. दिव्याचा उजेड तिच्यावर पडला आणि पेटी जणू म्हणाली, या, मलाच शोधत होतात ना?

मुंगीने जे दिसलं ते ओरडून सांगितलं.

"पेटी!" राखणदार ओरडला. "उचल! उचल!"

"थांब!" सूतभर म्हणाला. "भिंती बघ आधी."

वर चार बोटं. खाली चार घालूनही सूतभर जागा उरली. डावी भिंत तशीच, समोरचीही तशीच. फक्त दारालगत उजव्या हाताच्या भिंतीपाशी हातभर रुंद पट्टी पक्की होती. बाकी सगळी जमीन पेटीभोवती टपून बसली होती.

"पेटीला हात लावू नकोस," सूतभर म्हणाला. "ती चोरांसाठी मांडली आहे. बघायचं ते बघितलंस, आता परत ये."

"येते हं, बाबा."

मॅडमची तिसरी अट तिथेच मोडली. मुंगी पट्टीवर उभी राहिली आणि दिवा भिंतींवरून फिरवू लागली. वर, माणसाच्या हाताला येईल त्याच्याही थोडं वर, दोन्हीकडच्या भिंतींत चौकोनी भोकांची एकेक ओळ होती. परांचीची भोकं. डाव्या भिंतीत सहा. उजव्या भिंतीत... ती पुन्हा मोजू लागली. पाच.

"बाबा," तिने विचारलं, "तुम्ही ओळंबा कुठे हरवला होतात?"

बाहेर दगड सरकल्याचा आवाज झाला, मला वाटलं तो उठून आत यायला निघाला. मग त्याचं हसू आलं. दोरातूनही आलं, कारण दोर हलत होता.

"मुंगे, गिलाव्यावर बोटांनी वाजव!"

तिने फळी भिंतीला तिरकी लावली, तिच्यावर चढली आणि सहावं भोक असायला हवं तिथे टकटक केली. बद्द आवाज आला. छिन्नीच्या चार घावांत गिलावा पडला. मागे दगडाची खुंटी होती. ती ओढल्यावर भोक उघडलं. मुंगीने आत हात घातला आणि मला लख्ख आठवण झाली त्या दोन दिवसांची.

आत हिरवा पडलेला, हातभर लांबीचा एक पितळी गज होता. हात लागताच विरलेलं एक फडकं होतं, भाकरी बांधून नेतात तसं. आणि एक काळा, गुळगुळीत, डोक्याला भोक असलेला दगड होता. दोरी कधीच कुजून गेली होती, पण मी त्याला लगेच ओळखलं. तो ओळंबा होता. माझा खापरपणजोबा.

मी दोन दिवसांत कंटाळलो होतो. तो किती शतकं तिथे होता, कोण जाणे.

बाहेर आल्यावर मुंगीने सगळ्या वस्तू बाबांच्या मांडीवर ठेवल्या. सूतभरने आधी तिचे हात पाहिले, खरचटलेले, आणि फुंकर घातली. मग त्याने तो दगडी ओळंबा उचलला, फडक्याच्या धाग्यांकडे पाहिलं, आणि मान हलवत म्हणाला, "कुणी लपवला नव्हता गं हा गज. जेवायच्या सुट्टीत भोकात सारला आणि वरून गिलावा झाला. मग शोधत बसला असेल गरीब. साथीदारांवर संशय घेतला असेल."

"आणि घरी बोलणी खाल्ली असतील," राखणदार म्हणाला.

पेटी तशीच आत आहे. तिच्यात काय आहे ते आजवर कुणाला कळलं नाही आणि सूतभरला ते कळून घ्यायचंही नाही.

दुपारी मॅडम आल्या. त्यांनी कचेरीची पोलादी फूटपट्टी गजाला लावली. माझा मालक चष्मा काढून पुसत होता, पुन्हा लावत होता, पुन्हा पुसत होता. भट्टीत बसल्यासारखं मला गरम होत होतं. चाळीस वर्षं ज्या एका शब्दावर लोक हसले, तो शब्द आता मोजला जाणार होता.

मॅडम वाकून बघत होत्या. "आपल्या मापाहून हा गज कमी आहे," त्या म्हणाल्या. "दीड सूत कमी."

मुंगीने टाळ्या वाजवल्या. राखणदाराने बकरीला मिठी मारली. सूतभर मात्र फूटपट्टीवरून नजर काढेना.

"बाबा? काय झालं?"

"चुकलो," तो म्हणाला. "मी एक सूत सांगितलं होतं. दीड आहे. अर्ध्या सुताने चुकलो."

मॅडमनी फूटपट्टी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "काका, दरवाज्याचे दगड या गजाने पुन्हा घडवायचे आहेत. तुम्ही सांगाल तसे."

"गुडघे वाकत नाहीत माझे."

"खुर्ची देते. बसून सांगा."

काँक्रीटची गाडी परत गेली. भुयाराला आता लोखंडी दार आहे आणि किल्ली राखणदाराकडे आहे. बकरी रोज त्या दाराला शिंगं घासते.

दरवाज्याचं काम दोन महिने चालू आहे. सूतभर खुर्चीत बसतो आणि तरुण गवंडी त्याच्या हाताखाली दगड बसवतात. दगड कसे सरकून बसतात, पाहण्यासारखं आहे. गावातले लोक येता-जाता थांबतात. नाव ते अजून सूतभरच म्हणतात, पण आता म्हणताना डोळे मिचकावत नाहीत. एकट्या बायकोने नाव बदललं आहे. ती म्हणते, "अहो अर्धासूत, डबा विसरलात."

पहिल्याच दिवशी मुंगीने बाबांना कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. आत नवा ठोकळा होता. शिसवीचा, काळाभोर, तेल पाजलेला. सूतभरने तो माझ्या अंगाला लावून पाहिला, उजेडात धरून पाहिला, आणि म्हणाला, "मांजरापासून जप."

गज आणि माझा खापरपणजोबा कचेरीच्या काचेच्या कपाटात आहेत. मलाही तिथे ठेवायचा मॅडमचा विचार होता. सूतभर म्हणाला, "दरवाजा पुरा होऊ दे." दरवाजा पुरा झाला की तो दुसरं काहीतरी काढील. फडताळाचं दार तर अजून आहेच.

माझं अंग आता झिजलंय, डोक्याला एक खोक आहे, पण मी सरळ लोंबतो. पाय जमिनीला न टेकताही सुखात राहता येतं, हे मला पाहून कळेल. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कधी कुणी तुम्हाला सांगितलं, की इथे सूतभर चुकतंय, तर लगेच हसू नका. मला टांगा. मी हलेन, फिरेन, तुम्हाला कंटाळा येईल. तरी निघून जाऊ नका. चाळीस वर्षांपूर्वी एक साहेब थोडेसेच थांबले असते, तर बरं झालं असतं.

आता मला उतरवा. सूतभर मान ताठ करून दरवाज्याकडे बघतोय, आणि त्याने एक डोळा मिटलाय. म्हणजे त्याला काहीतरी दिसलंय.